चौथा उद्गार: देवाने खरंच सोडलं होतं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. आमच्याकडे (नगर जिल्हा, प्रोटेस्टंट मंडळी) उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना असते आणि क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा चौथा उद्गार माझ्या वाट्याला आलाय. "एली, एली, लमा सबखथनी?" म्हणजे "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" बोलायला बारा मिनिटं आहेत.

माझे बाबा ऑगस्टमध्ये गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. चाळीस वर्षं त्यांनी संडे स्कूल घेतलं, आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना प्रभूची प्रार्थना त्यांनीच पाठ करून घेतली. जायच्या आधी नऊ दिवस मंडळीतले लोक घरी प्रार्थनेला आले होते. आमेन झाल्यावर बाबा म्हणाले, "कोणी नाहीये तिकडे. मी हाक मारतोय, कोणी नाही." आमचे पाळकसाहेब लगेच म्हणाले, "काका, असं बोलू नये, सैतानाला फट मिळते." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर आमच्यापुढे त्यांनी देवाचं नाव काढलं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ख्रिस्ताला देवाने खरंच सोडलं होतं, की फक्त तसं वाटलं? आणि प्रभूच्या तोंडी जे वाक्य आहे, ते बाबांनी बोललं तर चुकीचं कसं?

टिंबटिंब
रानजाई, बाबांबद्दल वाचून गलबललं. मला यातलं काही कळत नाही, पण वाचत राहणार.

अण्णा_सोलापूरकर
ताई, मी निवृत्त प्रचारक आहे, हा उद्गार सात-आठ वेळा बोललोय. सोपी दिशा देतो. त्या काळी पहिल्या ओळीवरून स्तोत्र ओळखायचे असं म्हणतात. ही स्तोत्र २२ ची पहिली ओळ. त्यात पुढे बघणारे डोकी हालवून थट्टा करतात, कपडे वाटून घेऊन चिठ्ठ्या टाकतात, सगळं कालवरीवर, म्हणजे क्रूसाच्या टेकडीवर, घडतंय. आणि २४ व्या ओवीत काय आहे? देवाने पीडिताला तुच्छ मानलं नाही, आपलं मुख त्याच्यापासून लपवलं नाही, त्याने धावा केला तेव्हा ऐकलं. स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. प्रभूने पहिली ओळ म्हणून पूर्ण स्तोत्राकडे बोट दाखवलं. म्हणजे ही निराशा नव्हे, विश्वास आहे. मंडळीला हे सांगा, लोक धीर घेऊन घरी जातील.

शब्दवेल्हाळ
अण्णा, स्तोत्र २२ डोळ्यांपुढे होतं यात वाद नाही. पण शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने शेवटची ओळ नाही लिहिली, पहिलीच लिहिली. "मोठ्याने ओरडून" असंही लिहिलं. जो माणूस श्वास घ्यायला धडपडतोय त्याचं ओरडणं आपण संदर्भग्रंथाची खूण असल्यासारखं वाचतो, हे मला पटत नाही.

या ओळीची भीती फार जुनी आहे. लूक आणि योहान यांनी ती घेतलेलीच नाही. लूकमध्ये "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो" आहे, योहानात "पूर्ण झाले आहे". बेझा नावाच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितात तर मार्काच्या या ओवीत "सोडलंस" ऐवजी "माझी निंदा का केलीस" असं येतं. पेत्राच्या नावावरच्या एका अप्रमाण शुभवर्तमानात "देवा" जाऊन "माझ्या सामर्थ्या" झालंय. कुणाला तरी दर वेळी वाटलं की हे असं ठेवू नये. रानजाई, तुमच्या घरी त्या दुपारी हेच झालं. बाबांची ओळ दुरुस्त करायला माणूस तयारच होता.

भाषेचं एक सांगतो. स्तोत्र हिब्रूत आहे, तिथे शब्द "अझबतानी". येशूने म्हटलं ते अरामी, "सबखथनी". प्रार्थनेची पाठ भाषा सोडून तो घरच्या बोलीत आला. आपल्या छापील बायबलात "त्याग केलास" आहे, पण मराठी माणूस मरताना "त्याग" म्हणत नाही, "का सोडलंस" म्हणतो. अरामीतलं हे क्रियापद आपल्या "सोडणे"सारखंच दुहेरी आहे. टाकून जाणं तेच आणि ऋण किंवा अपराध सोडून देणंही तेच. सिरियाक (अरामीचीच एक बोली) प्रभूच्या प्रार्थनेत "आमची पापं सोड" म्हणताना हेच क्रियापद येतं.

अण्णा_सोलापूरकर
शब्दवेल्हाळ, हे सुंदर आहे. पण एका क्रियापदावर सिद्धांत उभा करू नका.

शब्दवेल्हाळ
मान्य. सिद्धांत नाहीच. फक्त बोलताना "त्याग" ऐवजी "सोडलंस" म्हणून बघा, कानाला वेगळं लागतं.

वसईचा_वारा
आम्ही कॅथलिक. लहानपणची आठवण सांगतो. शुभवर्तमानात पुढे आहे ना, जवळ उभे असलेले म्हणतात, "पाहा, तो एलीयाला हाक मारतो." एलीया म्हणजे जुना संदेष्टा. आमच्या शेजारी एलियास मामा राहायचे, वाडीत सगळ्यांच्या मदतीला धावणारे. मी सहा वर्षांचा असताना क्रुसाच्या वाटेहून परत आलो आणि त्यांच्या दारात उभं राहून रडत भांडलो, "तुम्हाला हाक मारली, तुम्ही गेला का नाहीत?" मामांनी मला कडेवर घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "ऐकू आली नाही रे बाबा."

आता मुद्द्याचं. जुन्या परंपरेत उत्तर असं आहे की पित्याने पुत्राला सोडलं नाही. नाझियान्झसचा ग्रेगरी, चौथं शतक, स्पष्ट म्हणतो की सोडलेले आपण होतो आणि ख्रिस्त आपली भूमिका घेऊन, आपल्या वतीने ते वाक्य बोलत होता. मध्ययुगातला धर्मपंडित थोमस अक्विनस याच्या मते दुःख भोगतानाही त्याच्या आत्म्याच्या वरच्या टोकाला देवाचं दर्शन चालूच होतं. योहान १६:३२ मध्ये प्रभू स्वतःच म्हणतो, तुम्ही मला एकटं सोडाल तरी मी एकटा नाही, पिता माझ्याबरोबर आहे. म्हणून माझ्यासाठी उत्तर: वाटलं खरं, झालं नाही.

ख्रिस्तदास_७७
पण पिता पवित्र आहे. जगाचं पाप पुत्रावर आलं तेव्हा त्याला तोंड फिरवावंच लागलं. हबक्कूक १:१३, त्याचे डोळे दुष्टाई पाहू शकत नाहीत. खरोखर सोडलं, आमच्यासाठी सोडलं. हे मान्य केलं नाही तर तारण कशाने झालं?

शब्दवेल्हाळ
ख्रिस्तदास, हबक्कूकची ती ओवी पूर्ण वाचा ना. "तुझे डोळे इतके पवित्र आहेत, मग तू दगाबाजांकडे बघत स्वस्थ का बसतोस?" ती देवाविरुद्धची तक्रार आहे. म्हणजे देव बघतोय, हाच त्याचा त्रास. आणि येशू पाप्यांच्या पंगतीला बसायचा तेव्हा देवाचे डोळे मिटले होते का?

अण्णा_सोलापूरकर
ख्रिस्तदास, सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक काल्व्हिनसुद्धा जपून बोलतो. ख्रिस्ताने आत्म्यात नरकयातना भोगल्या इथपर्यंत तो जातो, पण तिथेच म्हणतो की पिता त्याच्यावर कधी रागावला किंवा वैरी झाला असं आम्ही सुचवत नाही. ज्या पुत्रावर संतुष्ट आहे त्याच्यावर रागावेल कसा? तोंड फिरवलेल्या बापाचं चित्र प्रवचनांत रंगत गेलंय. मीही रंगवलंय, कबूल करतो.

हॅम्बुर्गवासी
मी मूळची पुण्याची, बारा वर्षं इथे. इथल्या एका मुलाची गोष्ट या धाग्यात हवीच.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर आठवडाभर बॉम्ब पडले. युर्गेन मोल्टमान तेव्हा सतरा वर्षांचा, शाळेतून उचलून विमानविरोधी तोफेवर नेमलेला. शेजारी उभा असलेला त्याचा मित्र बॉम्बने उडाला, हा वाचला. घरात धर्म फारसा नव्हता. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडला, "देवा, तू कुठे आहेस?" पुढे तो युद्धकैदी झाला. स्कॉटलंडच्या छावणीत एका पाद्र्याने त्याला बायबल दिलं. मार्क वाचता वाचता तो या ओवीपाशी पोचला आणि त्याला वाटलं, आपल्याला समजून घेणारा कुणी तरी आहे.

पुढे तो धर्मशास्त्रज्ञ झाला आणि १९७२ साली त्याने 'क्रूसावर खिळलेला देव' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की सोडणं खरं होतं, नाटक नव्हतं. पण सोसणारा एकटा पुत्र नव्हता. पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. ज्यांनी पोरं गमावलीत त्यांना हा फरक समजावावा लागत नाही.

१६ नोव्हेंबर १९८९ ला एल साल्वादोरमध्ये सैनिकांनी विद्यापीठात शिरून सहा येशूसंघीय पाद्र्यांना, त्यांच्या स्वयंपाकीणबाईंना आणि त्यांच्या मुलीला मारलं. एक मृतदेह ज्या खोलीत ओढून नेला तिथल्या कपाटातून एक पुस्तक रक्तात पडलं होतं. ते हेच पुस्तक होतं. मोल्टमान जून २०२४ मध्ये वारले. मी इथल्या सेंट निकोलाई चर्चच्या जळक्या मनोऱ्यावरून जाते तेव्हा दर वेळी तो सतरा वर्षांचा मुलगा आठवतो.

वसईचा_वारा
मोल्टमानबद्दल आदर आहे. पण कार्ल रानर या येशूसंघीय विचारवंताचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. थोडक्यात असा: मी गाळात रुतलोय आणि देवही त्याच गाळात रुतलाय, तर मला बाहेर कोण काढणार?

हॅम्बुर्गवासी
गाळातून निघायचं नंतर बघू. आधी गाळात कुणी सोबत आहे का, हा प्रश्न असतो. बोनहॉफर या जर्मन पाळकाने नाझींच्या तुरुंगातून जुलै १९४४ मध्ये लिहिलं की फक्त सोसणारा देवच मदत करू शकतो. एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं. त्याने ही ओवी त्याच पत्रात घेतली आहे, खुर्चीत बसून नाही.

ओवी
मी वारकरी घरातली, आगंतुक वाटले तर माफ करा. देवाने पाठ फिरवल्याची बोली आम्हाला परकी नाही. दुष्काळात तुकोबांची बायको "अन्न अन्न करितां मेली", हे त्यांनीच सांगितलंय. आणि "माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल" म्हणणारेही तेच. त्यांना कुणी सैतानाची फट दाखवली नाही, आम्ही तो अभंग गातो. जनाबाई विठ्ठलाला सरळ शिव्या देते. रानजाई, तुमचे बाबा आमच्या दिंडीत असते तर लोकांनी टाळ वाजवला असता.

अण्णा_सोलापूरकर
ओवीताई, आगंतुक कसल्या. आमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण एक फरक मला दिसतो. विरहात भक्त देवाला म्हणतो, कुठे गेलास. इथे आमच्या श्रद्धेप्रमाणे देवच देवाला म्हणतोय. हे विरहापेक्षा भयंकर आहे.

निरीश्वर
मी देव मानत नाही, पण कुजकं बोलायला आलो नाही. रानजाईंच्या वडिलांचं वाक्य मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. ते कदाचित तक्रार करत नव्हते, जे आढळलं ते सांगत होते: हाक मारली, उत्तर नाही. तुम्ही सगळे त्या वाक्याला कुठल्या ना कुठल्या श्रद्धेत बसवताय. माणसाने चाळीस वर्षं शिकवून शेवटी "नाही" म्हटलं असेल, तर ते "नाही" म्हणून ऐकायचा मान त्यांना मिळावा.

शुश्रूषा
निरीश्वर यांच्याशी मी निम्मी सहमत. मी पुण्यात असाध्य रुग्णांची सेवा करणारी नर्स आहे, एकोणीस वर्षं. शेवटच्या दिवसांत यकृत, मूत्रपिंड थकतात, औषधांचा अंमल असतो, माणूस दुपारी एक बोलतो, रात्री दुसरं. जन्मभर नास्तिक असलेले आजोबा मारुती स्तोत्र म्हणताना पाहिलेत आणि जपमाळ हातात असलेली सिस्टर "सगळं खोटं" म्हणताना पाहिली आहे. एका वाक्यावरून कुणाचा शेवटचा हिशोब मांडू नका, कुठल्याच बाजूने.

मला दुसरी गोष्ट खटकते. माणूस असं काही बोलला की खोलीतले लोक लगेच उत्तर देतात. कुणी श्लोक म्हणतं, कुणी "असं नाही बोलायचं" म्हणतं, कुणी उशी नीट करायला लागतं. आणि रुग्णाला कळतं की इथे हे चालत नाही. मग तो भिंतीकडे वळतो. रानजाई, ते वळणं मी शेकडो वेळा पाहिलंय.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. शुश्रूषाताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

एक अडचण सांगते. मी विचारलेल्या प्रत्येकाने मला एकच मुद्दा दिला: बघ, तो "माझ्या देवा" म्हणतो, म्हणजे नातं तुटलेलं नाही, हाक मारतोय म्हणजे विश्वास आहे. खरं असेल. पण बाबा "माझ्या देवा" म्हणाले नाहीत. "कोणी नाही" म्हणाले. म्हणजे स्तोत्र २२ त्यांना पुरत नाही. त्यांच्यासाठी काय आहे?

वसईचा_वारा
स्तोत्र ८८ आहे. बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" म्हणतात. ८८ वळत नाही. मित्र दूर केलेस, ओळखीचा उरला तो अंधार, आणि संपलं. ते कुणी काढून टाकलं नाही, शेवटी आशेची ओळ जोडली नाही. मठांत रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत दर शुक्रवारी म्हणतात.

आणि उत्तम शुक्रवारनंतरचा शनिवार आहे. आमच्याकडे गुरुवारच्या रात्री वेदीवरचं कापड काढतात, पवित्र पेटी रिकामी करून दार उघडं ठेवतात, घंटा बंद, तिच्याऐवजी लाकडाची खटखट. शनिवारी रात्रीपर्यंत मिस्सा नाही. माझी आजी त्या उघड्या पेटीपुढे गुडघे टेकायची नाही. म्हणायची, आज आत कोणी नाही. तुमच्या बाबांचेच शब्द. आम्ही प्रेषितांच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या कबुलीपाठात) दर रविवारी "अधोलोकात उतरला" म्हणतो आणि पुढच्या ओळीवर जातो. हान्स उर्स फॉन बाल्थासार या स्विस कॅथलिक विचारवंताने त्याच ओळीवर खूप लिहिलं. त्याच्या मते शनिवारी ख्रिस्त विजयी वीर म्हणून नाही, मेलेल्यांतला एक मेलेला म्हणून तिथे पडून होता. म्हणजे "कोणी नाही" जिथे म्हटलं जातं, त्या जागेपर्यंत तो गेलाय.

मी वर लिहिलं होतं, वाटलं खरं, झालं नाही. तुमच्या प्रश्नानंतर तितक्या खात्रीने लिहवत नाही.

हॅम्बुर्गवासी
मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा कितीजण हादरले. जवळजवळ पन्नास वर्षं आत अंधार, प्रार्थनेला उत्तर नाही, आणि बाहेर कोलकात्यात रोज काम. फ्रान्समधली जोगीण लिस्यूची तेरेझा शेवटचं दीड वर्ष अशीच, स्वर्ग आहे यावरच विश्वास बसेना. २४ व्या वर्षी क्षयाने गेली. दोघींनाही चर्चने संत केलं, तो अंधार लपवून नाही.

निरीश्वर
हे मला माहीत नव्हतं. स्तोत्र ८८ वाचलं. हे तुमच्या पोथीत आहे याचं आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

अण्णा_सोलापूरकर
रानजाईताई, मी काल रात्री पंडिता रमाबाईंचा विचार करत होतो. लहान वयात दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाई केडगावात बायबलच्या भाषांतराच्या कामावर बसूनच राहिल्या, एप्रिल १९२२ मध्ये स्वतः गेल्या. हिब्रू शिकलेल्या बाईने स्तोत्र ८८ सोप्या मराठीत आणताना काय सोसलं असेल? आपण ते उपासनेत कधीच वाचत नाही. तेहतीस वर्षांत मी एकदाही वाचलं नाही. तुम्ही वाचा.

माझ्या पहिल्या प्रतिसादातलं "लोक धीर घेऊन घरी जातील" मागे घेतो. एखाद्या वर्षी न घेता गेले तरी चालेल.

टिंबटिंब
कुणी सांगेल का, स्तोत्र २२ च्या वर ते हरिणीचं काय आहे?

शब्दवेल्हाळ
ते चालीचं नाव. "अय्येलेथ हश्शहर", पहाटेची हरिणी. त्या नावाच्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं, अशी वाजवणाऱ्याला सूचना. चाल हरवली, नाव राहिलं. इतक्या भीषण स्तोत्राला ही चाल होती, हे मला कायम गोड आणि अवघड वाटतं.

रानजाई
उशिरा लिहितेय. शुक्रवार झाला.

बारा मिनिटांतली चार स्तोत्र ८८ वाचण्यात गेली. शेवटचा शब्द "अंधार" म्हणून थांबले तर पेटीवाला गोंधळला, पुढच्या गीताचा सूर धरून सोडून दिला. मग मी "का सोडलंस" असं मराठीत म्हटलं. हस्तलिखितांत लोकांनी ते वाक्य कसं बदललं ते सांगितलं, आणि बाबा काय म्हणाले होते ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांना कुणी काय म्हटलं ते नाही सांगितलं. पण पाळकसाहेबांना कळलं. बाहेर दारात त्यांनी माझा हात धरला आणि "मला तेव्हा सुचलं नाही" एवढंच म्हणाले. मला राग धरायचा होता, धरता आला नाही.

देवाने सोडलं की नाही, याचं उत्तर मी दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही.

घरी आल्यावर आई चहा टाकत होती. पाठमोरीच म्हणाली, "मला पण म्हणाले होते." मी म्हटलं, काय? "रात्री तीनला. कोणी नाही गं, म्हणाले. मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणाले, तू आहेस, मी त्याच्याबद्दल बोलतोय."

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"काही नाही. पाय चेपत बसले. उजाडेपर्यंत बोलत होते त्याच्याबद्दल."

शुश्रूषा
आईंना माझा नमस्कार सांगा.

अण्णा_सोलापूरकर
उजाडेपर्यंत. ताई, काय काय बोलले ते आईंना विचाराल का कधी? घाई नाही.

रानजाई
विचारलं अण्णा. सांगतेय थोडं थोडं.